‘हे कोणतं फूल?’ एवढंच विचारलं तर

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या सड्यावरच्या (जांभ्याच्या कातळपठारावरच्या) फुलांचे आणि किड्यांचे बरेच फोटो काढून आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर आणि फेसबुकवरच्या वनस्पतींच्या दोन गटांत टाकले. त्यात एक पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, होती. ‘हे कोणतं फूल? प्लीज लवकर सांगा’ असं विचारलं. फेसबुकवर तिघांनी तीन नावं सांगितली आणि चौथ्याने ‘आधी थोडा अभ्यास करा’ असं सुनावलं. आय-नॅचरलिस्टवर कुणी फिरकलंच नाही. एका नामवंत तज्ज्ञांना टॅग केलं, त्यांचंही उत्तर नाही. आम्ही संशोधक नाही म्हणून आमच्याकडे दुर्लक्ष होतं का? पुढच्या पावसात मुलांनाही यात घ्यायचं आहे, म्हणून विचारतो. — एक शिक्षक, संगमेश्वर तालुका

उत्तर :

नमस्कार सर,

दुर्लक्षाचं कारण तुमची पदवी नाही. या ठिकाणी नावं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचा व्यवसायही वनस्पतिशास्त्राचा नसतो. तुमच्या बाबतीत दोनपैकी एक गोष्ट झाली असणार, किंवा दोन्ही. ज्याला ही आमरी ओळखता आली असती त्याच्या नजरेला ती पडलीच नाही. आणि पडली असेल, तर फोटोत जे दिसत होतं त्यावरून नक्की काही ठरवता येत नव्हतं.

पहिली गोष्ट चुटकीसरशी सुधारते. आय-नॅचरलिस्टवर जाणकार माणूस सगळ्या नोंदी चाळत बसत नाही. तो गाळणी लावतो : ‘महाराष्ट्र, आमरी कुळ, अजून ओळख हवी आहे’. त्यात जे येतं तेवढंच तो बघतो. तुम्ही नावाची जागा रिकामी सोडली असेल तर नोंद ‘अज्ञात’ या ढिगात जाते आणि आमरीच्या गाळणीत कधीच येत नाही. नावाच्या जागी मराठी नाव लिहिलं आणि ते यादीतल्या कुठल्याच नावाशी जुळलं नाही, तरी तेच होतं : तुम्ही लिहिलेलं तिथे दिसत राहतं, पण नोंद अज्ञातच असते. म्हणून जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढं नाव नक्की द्या. ‘आमरी कुळ’ ठाऊक असेल तर ते. तेवढंही नसेल तर ‘फुलझाड’, ‘कोळी’, ‘भुंगेरा’, काहीही चालेल. शास्त्रीय किंवा इंग्रजी नाव टाइप करताना खाली उघडणाऱ्या यादीतूनच निवडा. स्थानिक नाव टिपणात जरूर लिहा, त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

मात्र खात्री नसताना थेट प्रजातीचं नाव ठोकू नका. ॲप फोटो बघून आपणहून नावं सुचवतं. पहिलं सुचलेलं नाव दाबून मोकळं होण्याचा मोह फार मोठा असतो, आणि त्यामागचा हिशेब बहुतेकांना माहीत नसतो. एखादी नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, व्हायला प्रजातीच्या पातळीवर निदान दोन जणांचं मत लागतं आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं एका बाजूला असावी लागतात. तुम्ही फक्त कुळ किंवा पोटकुळ लिहिलंत तर दोन जाणकार पुरतात. तुम्ही चुकीची प्रजाती लिहिलीत तर तीच दोन मतं तीनांत दोन होतात, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश, जास्त नाही. तिसरा जाणकार आणावा लागतो. जिथे एक मिळायची मारामार तिथे तीन कुठून मिळणार? चुकलंय असं कळलं की आपलं मत मागे घ्या, अडथळा तिथेच संपतो.

उलटी चूकही तितकीच होते. कुणीतरी मोठ्या माणसाने नाव दिलं की लगेच ‘सहमत’ दाबायचं. मग दोन मतं झाली, नोंद रिसर्च ग्रेड झाली, तिचा परवाना मुभा देत असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक विदासंग्रहात गेली, आणि तिथून कुणाच्या तरी नकाशात. प्रत्यक्षात मत एकाचंच होतं. कशावरून ओळखलं ते स्वतःला पटलं असेल तरच सहमती द्या. आभार टिपणात लिहिता येतात.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं दुखणं इथेच आहे.

ओळखणाऱ्यासमोर आधीपासून दोन-चार नावं उभी असतात. त्याला हवं असतं ते त्यांच्यातला फरक दाखवणारं अंग. तुमच्या सड्यावरची पांढरी आमरी बहुधा हॅबेनेरिया वंशातली असावी. कोकणातल्या सड्यांवर या वंशाच्या पांढऱ्या फुलांच्या कितीतरी जाती फुलतात. त्यांतल्या तीनच घेऊ. हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसला सहसा एकच पान असतं, क्वचित दोन. गोलसर, बुडाशी हृदयाच्या आकाराचं आणि जमिनीला चिकटलेलं. हॅबेनेरिया हेनिआनाची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला रांगेने लागतात, म्हणून तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात. हॅबेनेरिया रारिफ्लोरा खडकांवर आणि कपारीत वाढते, तिची पानं लांबट असतात, फुलं मोजकीच. म्हणजे अर्धा निवाडा पानावर आणि फुलांच्या मांडणीवर होतो. तुम्ही पाठवला असणार फुलाचा समोरून काढलेला, बाकी सगळं धूसर केलेला सुंदर फोटो. फेसबुकवर तीन नावं का आली ते यातून कळेल. त्या तिघांनीही दिसत नसलेल्या पानाची आपापल्या मनाने कल्पना केली.

म्हणून आमरीसाठी किमान पाच फोटो. पूर्ण झाड, आजूबाजूच्या जमिनीसकट. बुडाशी असलेली पानं, वरून. फुलांची पूर्ण दांडी बाजूने, म्हणजे फुलं एका बाजूला आहेत की चहूकडे ते दिसेल. एक फूल अगदी समोरून, खालचा ओठ आणि त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतील असं. आणि तेच फूल बाजूने, कारण मागे लोंबणारी मधाची नळी, म्हणजे शुंडिका, किती लांब आणि किती वाकलेली आहे ते समोरून कधीच दिसत नाही. तेरड्याच्या कुळातही हीच शुंडिका निर्णायक ठरते.

दुसऱ्या गटांना दुसरे फोटो लागतात. वड-पिंपळाच्या वंशात फळं, पानाच्या शिरा आणि कोंबाला झाकणारी उपपर्णं. गवतात कणसाचा जवळून फोटो आणि पान जिथे खोडाला मिळतं तिथली जिव्हिका, म्हणजे जिभेसारखा पातळ पडदा. शेवळाच्या वंशात नुसतं बाहेरचं आवरण पुरत नाही. आत तळाशी असलेली स्त्रीफुलं आणि त्यांच्यावरची नरफुलं दिसावी लागतात. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून दोन्ही. चतुर आणि टाचणी या किड्यांमध्ये छातीची बाजू आणि नराच्या शेपटीच्या टोकाचे आकडे. कोळ्याचा चेहरा समोरून, कारण आठ डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ समजतं.

मोबाइलवर हे जमतं. बिघडतं ते अंतरामुळे. लोक फुलाला फोन भिडवतात आणि मुख्य भिंग तितक्या जवळचं टिपू शकत नाही. 20-25 सेंटिमीटर मागे या, दुप्पट झूम करा, फुलावर बोट टेकवून फोकस पक्का करा. पांढरं फूल उन्हात जळून पांढरा डाग होतं, ओठावरचे बारकावे पुसले जातात. छत्रीची सावली धरा आणि पडद्यावरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. मागे गवताचा गोंधळ असेल तर फोन भलतीकडेच फोकस करतो, तेव्हा फुलामागे तळहात किंवा काळी वही धरा. फूल तोडू नका, गरजही नाही.

मापासाठी नाणं ठेवायची पद्धत आहे. ती सोडा. 2011 च्या मालिकेतला रुपया 22 मिलिमीटरचा, 2019 च्या मालिकेतला 20 मिलिमीटरचा, आणि ब्राझीलमध्ये बसलेल्या कोळीतज्ज्ञाला दोन्ही ठाऊक नसतात. कंपासपेटीतली पट्टी ठेवा, मिलिमीटरच्या रेषा दिसतील अशी.

फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवून मग अपलोड करणं हा आणखी एक घोळ, शाळांच्या उपक्रमांत तर नेहमीचा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली तारीख व जागा काढून टाकतं. मग जुलैत फुललेली आमरी डिसेंबरात, आणि सड्याऐवजी तुमच्या घरच्या पत्त्यावर नोंदली जाते. जाणकाराला वाटतं, या हंगामात इथे ही असूच शकत नाही, आणि तो पुढे जातो. ज्या फोनने काढला त्याच फोनवरून टाका. पाठवायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तारीख, जागा किंवा फोटो यांपैकी काही नसेल तर आय-नॅचरलिस्ट ती नोंद ‘कॅज्युअल’मध्ये टाकतं, आणि ओळख हवी असलेल्यांच्या रांगेत ती दिसतच नाही.

एका नोंदीत एकच जीव. फुलावर बसलेली माशी विचारायची असेल तर तिची वेगळी नोंद करा. फोटो तोच चालेल, पण कशाबद्दल विचारताय ते लिहा. आणि सर्वांत बोलका फोटो पहिला लावा. यादीत तोच दिसतो.

मग टिपण. तुमच्या मूळ प्रश्नात एकच माहिती होती : तुम्हाला घाई आहे. तिचा ओळखणाऱ्याला उपयोग नाही, उलट ‘लवकर सांगा’ वाचून मनुष्य थोडा मागेच सरतो. त्याऐवजी असं काही लिहा :

‘जमिनीवर वाढणारी आमरी. जांभ्याचा उघडा सडा, मातीचा थर चार-पाच सेंटिमीटर, पाणी वाहून जाणारी जागा. समुद्रसपाटीपासून सुमारे 150 मीटर. 8 जुलै, सकाळी. उंची 14 सेंटिमीटर. पान एक, जमिनीलगत, गोलसर, 4 सेंटिमीटर रुंद. फुलं तीन, पांढरी, चहूबाजूंना. शुंडिका सुमारे 2 सेंटिमीटर. सुवास जाणवला नाही. मला हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस वाटते, पानावरून. रारिफ्लोरापासून वेगळी कशी ठरवायची?’

यातली मापं नमुन्यादाखल आहेत, तुमची तुम्ही घ्या. शेवटची दोन वाक्यं मात्र जशीच्या तशी उचला. तुमचा अंदाज काय आणि तो कशावरून, हे लिहिलं की समोरच्याचं काम निम्मं होतं. त्याला ‘हो, आणि ओठाचे कडेचे भागही बघा’ किंवा ‘नाही, कारण अमुक’ एवढंच लिहायचं असतं. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. ज्या खुणेवर तुम्ही विसंबलात ती खूण चुकीची कशी, हे कुणीतरी सांगतं, आणि एका नावापेक्षा ते जास्त मोलाचं असतं. ‘आधी अभ्यास करा’ म्हणणाऱ्याचा सूर वाईट होता, पण त्याला बहुधा हेच हवं होतं.

भाषेचा बाऊ नको. भारतीय गटांत मराठी-हिंदी मिसळून चालतं. आय-नॅचरलिस्टवर बाहेरचे लोक बघतात, म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत मापं आणि अधिवास लिहा. आकडे सगळ्यांना कळतात.

कुठे विचारायचं यालाही महत्त्व आहे. फुलझाडांसाठी ई-फ्लोरा ऑफ इंडिया हा गट 2007 पासून चालू आहे. तिथे जुन्या चर्चा शोधता येतात आणि तुमच्याच आमरीवर आधी कुणी विचारलेलं असण्याची शक्यता दांडगी. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल 2008 चं, त्यावर प्रजातींची माहितीपानंही आहेत. फेसबुकवर उत्तर पटकन येतं, पण आठवड्याने तुमचा प्रश्न तुम्हालाच सापडत नाही. दोन ठिकाणी विचारलंत तर हरकत नाही, फक्त एकीकडे दुसरीकडचा दुवा द्या. एकाने अर्धा तास खर्चून उत्तर लिहायचं आणि मग कळायचं की हे कालच दुसरीकडे सुटलं होतं, याचा राग येतोच, आणि तो माणूस पुढच्या वेळी येत नाही.

तज्ज्ञांना टॅग करण्याबद्दल. आधी दोन आठवडे थांबा. मग त्या वंशाच्या पानावर कुणी सर्वांत जास्त ओळखी दिल्यात ते बघा. बहुतेकदा ते नामवंत प्राध्यापक नसतात, पण रोज तिथे असतात. त्यांच्यातल्या एकालाच टॅग करा आणि सोबत नेमका प्रश्न ठेवा. पाच जणांना एकदम टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं उरलेले चार बघतील. नुसतं नाव टॅग करून गप्प बसणं म्हणजे कुणाच्या दारावर थाप मारून कोपऱ्यावर जाऊन उभं राहण्यासारखं आहे.

कुणी उलट विचारलं, ‘पानांचा फोटो आहे का?’, तर ‘पानं हिरवी होती’ हे उत्तर नव्हे. असेल तर फोटो जोडा, नसेल तर ‘नाही, रविवारी जाऊन काढतो’ असं लिहा आणि खरंच काढा. या एका वागण्यावरून पुढच्या खेपेला तुमच्या नोंदीवर कोण थांबणार ते ठरतं.

काही वेळा सगळं बरोबर करूनही नाव मिळत नाही, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. गेंद घ्या. एरिओकॉलॉन वंशातली ती टाचणीच्या डोक्यासारखी पांढरी फुलं कातळांवर चादर पसरतात, पण त्यांच्या जाती फुलाचे सूक्ष्म भाग आणि बिया भिंगाखाली बघूनच वेगळ्या होतात. बऱ्याच कोळ्यांमध्ये प्रौढ मादीचं जननांग तपासावं लागतं. अशा वेळी ‘वंशापर्यंतच’ हे प्रामाणिक आणि पूर्ण उत्तर आहे. त्यावर ‘पण नक्की कोणती?’ असा तगादा लावू नका.

काही जागा सांगायच्याच नाहीत. आय-नॅचरलिस्ट धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं, 0.2 अंश बाय 0.2 अंशाच्या चौकटीत कुठेतरी ठिपका दाखवतं. यादीत नसलेली, पण तुमच्या भागात उपटून नेली जाणारी आमरी किंवा कंदीलपुष्प असेल तर ‘जागा धूसर’ हा पर्याय स्वतः निवडा. आणि मग फोटोत गावाची पाटी येऊ देऊ नका, टिपणात वाडीचं नाव लिहू नका. ही चूक फार होते. फेसबुकवर तर असली आपोआप झाकाझाक नाहीच.

दोन प्रश्न अशा ठिकाणी विचारायचेच नाहीत. साप चावला असेल तर फोटोवर चर्चा करत बसू नका, सापामागेही जाऊ नका, सरळ सरकारी रुग्णालय गाठा. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत अनुभवी माणसंही फोटोवरून गफलत करतात. दुसरा, ‘ही भाजी किंवा अळंबी खाता येईल का?’ एका फोटोवर कुणी ‘हो’ म्हटलं म्हणून ती ताटात घ्यायची नाही. तिथे गावातली ती भाजी दरवर्षी आणणारी बाई हीच तज्ज्ञ.

आता मुलांचं. 13 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीवाचून आय-नॅचरलिस्टवर खातं काढता येत नाही, तेव्हा प्राथमिक शाळेत फोटोवरून नाव सुचवणारं ‘सीक’ हे ॲप वापरा, त्याला खातं लागत नाही. आय-नॅचरलिस्टवर शाळेच्या नावाने टाकायचं झालं तर एक खातं तुमचं, अपलोड तुम्ही करायचं. वर्गातल्या चाळीस मुलांनी दारातल्या जास्वंदीचे चाळीस फोटो एका दुपारी टाकले की महाराष्ट्राची गाळणी तेवढ्याने तुंबते. लावलेली झाडं असतील तर ‘लागवडीचं’ अशी खूण करा. त्यापेक्षा चार-चार मुलांचा गट करा, गटाला एकच रानझाड द्या आणि वर लिहिलेले फोटो, पट्टी आणि टिपण त्यांच्याकडून करून घ्या. एक मूल मोजणार, एक लिहिणार, एक छत्री धरणार, चौथ्याच्या हातात फोन. फोन कुणाकडे यावरून भांडण होणारच, तेव्हा पाळी आधीच ठरवून द्या.

तुमच्या जुन्या नोंदी पुसू नका. कुळाचं नाव घाला, तारीख-जागा तपासा, आहे ते टिपण वाढवा. नोंद पुन्हा रांगेत येईल. पांढऱ्या आमरीचं पान मात्र यंदा मिळायचं नाही, पावसाळा सरला की ही झाडं जमिनीखालच्या कंदात जातात. जागेची खूण करून ठेवा आणि जून संपता-संपता तिथे पट्टी घेऊन जा.